पगारातली कपात आणि सरकारी नोकरीची ओढ

१४ मार्च २०२३ ला महाराष्ट्रातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आठवडाभर तहसील कचेऱ्यांच्या आणि जिल्हा परिषदांच्या फाटकांवर घुमत राहिली. त्याच आठवड्यात कोल्हापुरात याच्या नेमका उलटा मोर्चा निघाला. जुन्या पेन्शनला विरोध करणाऱ्या त्या मोर्चात सुशिक्षित बेरोजगार होते. निम्म्या पगारावर हे काम करायला आम्ही तयार आहोत, असे संदेश तेव्हा मोबाइलवर फिरत होते. आणि या दोघांच्या मध्ये खासगी नोकरीतला पगारदार उभा होता. त्याचा सवाल सरळ होता: माझ्या पगारातून कर कापायचा आणि त्यातून यांना जन्मभर पेन्शन द्यायची, मला मात्र साठीनंतर कोण विचारणार?

हे तिन्ही गट कष्ट करून खाणारे. तिघांचाही राग मला खरा वाटतो. पण तो एकमेकांवर निघतो आहे आणि ज्या धोरणांनी ही वेळ आणली ती नामानिराळी राहिली आहेत. कामकरी माणसाच्या पगारातून जाते किती, त्याच्या बदल्यात येते काय आणि सरकारी नोकरीसाठी लाखो मुले तारुण्याची दहा-दहा वर्षे का घालवतात, हे तीन प्रश्न वेगवेगळे मांडले जातात. ते एकत्र मांडल्याशिवाय एकाचेही नीट उत्तर मिळणार नाही.

आधी पगाराचा कागद पाहू. चाकणच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात एकूण पगार २०,००० रुपये आहे आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० आहेत असे धरू. भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये जातात. राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयचे, पाऊण टक्क्याने १५०. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात पडतात १८,२१०. आयकराच्या रकान्यात शून्य. बहुतेक ठिकाणी कंपनी स्वतःचा निधीचा हिस्साही ‘सीटीसी’त धरून दाखवते, म्हणजे तोही नेमणुकीच्या वेळी कबूल केलेल्या आकड्यातूनच वजा होतो.

यातला निधी हा कर नव्हे, ती कामगाराचीच बचत आहे, असे म्हणता येईल आणि ते बरोबरही आहे. पण त्याच्या पोटात एक पेन्शन योजना आहे. मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के ‘ईपीएस-९५’ मध्ये जातात, आपल्या कामगाराच्या बाबतीत महिना सुमारे हजार रुपये. पेन्शन ठरते ती पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर या सूत्राने. पगार कितीही असला तरी हिशेबाला धरायची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसाला या सूत्राने महिना सात हजारही मिळत नाहीत. त्यावर महागाई भत्ता नाही. निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडा मरेपर्यंत तोच. किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि साखर कारखान्यांतले, सूतगिरण्यांतले, एसटीतले कितीतरी निवृत्त कामगार त्या किमानाच्या आसपासच अडकले आहेत. बुलढाण्याचे जिल्हाधिकारी कार्यालय या म्हाताऱ्या पेन्शनरांच्या साखळी उपोषणाने गाजले. त्यांची मुख्य मागणी महिना ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता ही होती.

आता वरच्या पगाराकडे वळू. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांवर जाते. मध्यमवर्गाला हा मोठा दिलासा होता, यात शंका नाही. त्यापुढे मात्र चढण आहे. महिना दीड लाख मिळवणाऱ्या हिंजवडीतल्या अभियंत्याला उपकरासह वर्षाला दीड लाखाच्या थोडा वर आयकर बसतो, म्हणजे बारापैकी एक महिना तो सरकारसाठी काम करतो. दर म्हणून हे प्रमाण जगाच्या मानाने फार नाही. खुपते ते वेगळेच. पगारदाराचा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो, त्याला लपवायला जागा नाही आणि खर्च दाखवायलाही फारशी नाही. पात्र व्यावसायिकाला अनुमानित पद्धतीने निम्मी मिळकत खर्च म्हणून सोडून उरलेल्या निम्म्यावर कर भरता येतो. पगारदाराची प्रमाणित वजावट तर २००५ च्या अर्थसंकल्पाने काढूनच घेतली होती, ती परत आली २०१८ ला, ४०,००० रुपयांवर. जुन्या पद्धतीतली अडीच लाखांची करमुक्त मर्यादा आणि ‘८० सी’ची दीड लाखाची वजावट २०१४ पासून जागची हललेली नाही. या काळात घरभाडे, शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल कुठे गेले हे प्रत्येक घराला माहीत आहे.

पगारदाराच्या मनात सर्वांत जास्त सलणारी तारीख २० सप्टेंबर २०१९ असायला हवी. त्या दिवशी पणजीत, वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीआधी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा दर तीस टक्क्यांवरून बावीसवर आणल्याचे जाहीर केले. नव्या उत्पादक कंपन्यांसाठी तो पंधरा टक्के झाला. सरकारने सोडून दिलेला महसूल वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये असेल, असे तेव्हाच सांगण्यात आले. गुंतवणूक वाढेल आणि रोजगार येतील, असा त्यामागचा युक्तिवाद होता. पुढे काय झाले? २०२३-२४ मध्ये व्यक्तिगत आयकराची वसुली साडेदहा लाख कोटींच्या आसपास गेली आणि कंपनी कर नऊ लाख कोटींच्या थोडा पुढे राहिला. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राच्या प्रत्येक रुपयातले २२ पैसे आयकरातून येणार होते, कंपन्यांकडून १७. कंपन्यांपेक्षा माणसे जास्त कर देतात ही स्थिती आता रुळली आहे. शेजारच्या तलाठ्याच्या पेन्शनवर जेवढी चर्चा होते त्याच्या शतांशही या बदलावर झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही ‘देश आमच्याच करावर चालतो’ हे पगारदाराचे वाक्य मान्य करता येत नाही. आयकर भरणारे लोकसंख्येच्या मानाने मूठभर, हे खरे. विवरणपत्रे सात-आठ कोटी भरली जातात आणि त्यातल्याही बहुतेकांचा कर शून्य असतो. पण २०२५-२६ च्या त्याच अंदाजपत्रकात केंद्राच्या रुपयात १८ पैसे वस्तू व सेवा कराचे होते आणि तो कर साबण, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज घेणारा प्रत्येक जण भरतो. शेतकऱ्याच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाते. तो खतावर पाच टक्के आणि कीटकनाशकावर अठरा टक्के भरत आला आहे आणि त्याची भरपाई मागायला त्याच्याकडे व्यापाऱ्यासारखी सोय नाही. एसटीच्या तिकिटातून राज्य सरकारने वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतला आहे. खेड्यातून तालुक्याच्या बाजाराला जाणारी भूमिहीन बाई तो देत होती. तिच्या नावे कुठे पॅनकार्ड नाही, म्हणून तिला कुणी करदाती म्हणत नाही.

जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना एक पत्र लिहिले. आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के कर काढावा, अशी त्यात मागणी होती. तिचा उगम नागपूरच्या आयुर्विमा महामंडळ कर्मचारी संघटनेच्या निवेदनात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत विम्यावरचा तो कर अखेर गेला. एका कर्मचारी संघटनेने मांडलेला प्रश्न लाखो खासगी पगारदारांच्या कामी आला, हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

कर कोण देतो आणि सरकारी खुर्चीवर कोण बसतो, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ च्या सुमारास. सारा, लोकल फंड, मिठावरचा कर असे सगळे शेतकऱ्याच्या घामातून जाते आणि त्यावर पोसलेल्या कचेऱ्यांत त्याचाच छळ होतो, त्याच्या मुलांना मात्र त्या पैशातून शाळा मिळत नाही, हा त्या पुस्तकाचा गाभा. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही त्यांनी हेच मांडले होते. त्यानंतर वीस वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर उभे राहिले. तिजोरीत शिल्लक दाखवली जाते तेव्हा रयत दुष्काळाने पिचलेली असते, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मीठकर कमी करा आणि आयकराची करमुक्त मर्यादा वाढवा, या त्यांच्या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी मीठकर उतरला आणि करमुक्त मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली. त्याच १९०२ मध्ये, २६ जुलैला, शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवल्या. एका वर्षात कराचा प्रश्न कलकत्त्यात आणि नोकरीचा प्रश्न कोल्हापुरात ऐरणीवर आला. सामान्य माणसाने भरलेल्या पैशातून चालणाऱ्या कारभारात त्याचाही वाटा असला पाहिजे, हीच मागणी दोन्हींच्या मुळाशी होती.

या परंपरेतला आणखी एक धडा आपण जवळजवळ विसरलो आहोत. पगारपत्रकातला तो २०० रुपयांचा व्यवसाय कर. बहुतेकांना तो विनाकारण कापला जाणारा पैसा वाटतो. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये हा कर आला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून थोडे कापायचे, सरकारने त्यात भर घालायची आणि त्यातून बीड-उस्मानाबादच्या मजुराला पाझर तलावाच्या कामावर मजुरी द्यायची. एका कामगाराने दुसऱ्या कामगाराला हमी देण्याची ही रचना होती. पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला ती पथदर्शक ठरली. कर कशासाठी हे लोकांना ठाऊक होते तेव्हा त्याविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत. राज्यघटनेनुसार हा कर वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ही मर्यादा १९८८ पासून तीच आहे. आज मात्र कारखान्यात दहा हजारांवर पगार असलेला पुरुष कामगार आणि कंपनीचा सर्वोच्च अधिकारी यांच्याकडून अगदी सारखाच व्यवसाय कर कापला जातो. महिलांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर सूट मिळाली, हे चांगले झाले. तीच सूट पुरुष कामगारालाही मिळायला हवी.

आता सरकारी नोकरीच्या ओढीबद्दल. पुण्यात अलका चौकापासून शास्त्री रस्त्यापर्यंत आणि सदाशिव, नवी, नारायण या पेठांतल्या अभ्यासिकांत जी मुले-मुली दिसतात, ती बहुतेक मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि दुष्काळी पश्चिम महाराष्ट्रातून आलेली असतात. कॉट बेसिसवरची खोली, मेसचा डबा, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. राज्यसेवा नाही तर पीएसआय-एसटीआय-एएसओ, ते नाही तर तलाठी, ते नाही तर पोलीस भरती, अशी उतरंड ठरलेली. खुल्या वर्गाला वयाची अट ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे आशा लवकर सुटत नाही आणि सुटते तेव्हा दुसरे काही सुरू करण्याचे वय निघून गेलेले असते.

२०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या थोड्या वर जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून जास्त आले. परीक्षा शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्याकडून नुसत्या अर्जापोटी जमा झालेली ही रक्कम साध्या गुणाकाराने नव्वद कोटींच्या पुढे जाते. बेरोजगारीवर बसवलेला हाही एक करच आहे असे मी म्हणेन, आणि तो सर्वांत अन्यायकारक आहे. २०२४ च्या पोलीस भरतीला सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. मध्येच परीक्षा पुढे जाते, पेपर फुटतो, निकाल न्यायालयात अडकतो. २०२१ मध्ये आरोग्य विभाग, म्हाडा आणि टीईटी यांच्या परीक्षांतले गैरव्यवहार एकापाठोपाठ बाहेर आले. गोव्यात २०२४ च्या अखेरीस नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या तक्रारींवरून अटकसत्र झाले. सरकारी नोकरीची बाजारात केवढी किंमत लागते याचा हा काळा पुरावा आहे.

ही ओढ आळसातून येते, असे शहरी मध्यमवर्ग सहज बोलून जातो. मला ते अजिबात पटत नाही. देशात शंभर कामकऱ्यांतल्या फक्त एकवीस जणांना नियमित पगार मिळतो, असे २०२२-२३ च्या श्रमबल सर्वेक्षणात दिसले. शेतीबाहेरच्या अशा नियमित पगारदारांतल्याही निम्म्याहून अधिक जणांकडे, नेमके सांगायचे तर ५८.६ टक्के जणांकडे, लेखी करार नव्हता. तलाठ्याला सुरुवातीचा मूळ पगार २५,५०० आहे, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, रजा, बाळंतपणाची रजा, आजारपणात खर्चाची प्रतिपूर्ती. तेवढ्याच शिक्षणाच्या मुलाला तालुक्याच्या गावात शोरूममध्ये दहा-बारा हजारांवर उभे राहावे लागते आणि मालकाची मर्जी फिरली की महिन्याच्या मध्यात घरी बसावे लागते. दोन्हींतले अंतर एवढे असताना मुलाने दहा वर्षे अभ्यास केला तर तो शहाणपणाचाच निर्णय म्हणावा लागेल.

त्यात जात आहे, जमीन आहे, लग्न आहे. ज्या घरांना पिढ्यानुपिढ्या गावकीची कामे करावी लागली, त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षकाची किंवा पोस्टातली नोकरी ही माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची पहिली संधी होती. खासगी कंपनीत आरक्षण नाही आणि तिथे ओळखीपाळखीने आत जाता येते हे त्यांना अनुभवाने कळलेले आहे. शेती तुकड्यातुकड्यांत वाटली गेल्यावर मराठा समाजातही तीच निकड आली. २०१६ चे मूक मोर्चे आणि २०२३ नंतरचे आंदोलन यांच्या मागे ती आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुलीच्या बापाला नोकरदार जावई हवा असतो, कारण आपल्या लेकीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर पैसा कुठून येईल हा त्याचा साधा हिशेब आहे.

सरकारी नोकरी म्हणजे काय, हे एसटीच्या कामगारांनी सर्वांत स्पष्टपणे दाखवले. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला त्यांचा संप पगारवाढीवर मिटला नाही. पगारवाढ मिळाली तरी मागणी एकच राहिली: विलीनीकरण. आम्हाला महामंडळाचे नको, शासनाचे कर्मचारी करा. पगार वेळेवर मिळेल, तो कुणी बुडवणार नाही, म्हातारपणी पेन्शन असेल, एवढाच त्याचा अर्थ होता. अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या तेव्हाही मुद्दा तोच. काम सरकारचे, हजेरी सरकारची, हाती मात्र पगाराऐवजी मानधन.

या सगळ्यावर राज्यकर्त्यांचे उत्तर काय होते? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. गावोगावी तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण राज्यात दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिकामी आहेत आणि एकेका ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, दोन-तीन सज्जांचा भार आहे. सातबाऱ्याच्या नोंदीसाठी चार खेपा घालणाऱ्या माणसाचा सरकारी नोकरांवरचा राग मी नाकारत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कारवायांत महसूल आणि पोलीस ही खाती दरवर्षी वर असतात. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ चा आहे, तरी ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणे अजून नशिबावर आहे. संघटनांनी जुन्या पेन्शनसाठी जेवढी ताकद लावली तेवढी या एका गोष्टीसाठी लावली असती, तर संपाच्या काळात लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले असते.

आणि एक गैरसमज काढायलाच हवा. सरकारी नोकर कर भरत नाही, असे नाही. त्याचा आयकर आणि व्यवसाय कर खासगी पगारदारासारखाच महिन्याच्या महिन्याला कापला जातो. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सेवेत आलेल्यांच्या पगारातून पेन्शनसाठीही दहा टक्के जातात.

पेन्शनचा खर्च तिजोरीला जड आहे, हेही तितकेच खरे. महाराष्ट्राच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. जुनी योजना जशीच्या तशी आणली तर आज पदे न भरण्याला आणखी एक निमित्त मिळेल, आणि त्याची किंमत सदाशिव पेठेतला विद्यार्थी मोजेल. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे, आणि दहा वर्षे सेवा केली तरी किमान १०,००० रुपये, शिवाय महागाईनुसार वाढ. मला ही तडजोड योग्य वाटते. पण तिच्याशेजारी चाकणच्या कामगाराची तीस वर्षांनंतरची सात हजारांच्या आतली पेन्शन ठेवली की अन्याय नेमका कुठे आहे ते दिसते. सरकारी कर्मचाऱ्याला जास्त मिळते म्हणून तो होत नाही. किमान दहा हजारांची हमी देणे सरकारला परवडते, तर ती फक्त स्वतःच्या नोकरांपुरती का, हा खरा सवाल आहे. खासगी पगारदाराने सरकारी माणसाची पेन्शन काढून घ्या असे म्हणण्यात त्याच्या पदरात काहीच पडत नाही. आपल्या करावर तशीच हमी मागण्यात मात्र त्याचा, कंत्राटी कामगाराचा आणि घरकाम करणाऱ्या बाईचाही फायदा आहे. त्यासाठी पैसा हवा, आणि पणजीत सोडून दिलेल्या महसुलाचा हिशेब तिथे पुन्हा काढावा लागेल.

आठव्या वेतन आयोगाचे अध्यक्षपद सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश रंजना प्रकाश देसाई यांच्याकडे आहे आणि अहवालासाठी त्यांना अठरा महिने देण्यात आले आहेत. केंद्राचा आयोग लागला की राज्यांतही तो लागतो, हे आजवरचे वळण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नेमणूकपत्र सर्वांना सक्तीचे झाले आणि गिग कामगारांना प्रथमच सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत घेतले गेले. कर्मचारी संघटना वेतन आयोगापुढे आपली निवेदने मांडतील. भविष्य निर्वाह निधीच्या पंधरा हजारांच्या मर्यादेसाठी आणि हजार रुपयांच्या किमान पेन्शनसाठी असा कोणताही आयोग नाही. तिथे दर दहा वर्षांनी आपोआप फेरविचार होत नाही, म्हणून त्या दोन आकड्यांवर खासदारांना मतदारसंघात अडवून विचारणे हे आयकर भरणाऱ्या पगारदारानेही आपले काम मानले पाहिजे.